मोरीतल्या मुंग्या

माझ्या फजित्या मी गावभर सांगत आलो. सासऱ्यांच्या वहाणा घालून कचेरीत गेलो होतो, तेही सांगितलं. ही एक मात्र कुणापाशी बोललो नाही. हिच्यात हसू येत नाही म्हणून? छे — सुरुवातीला येतं, म्हणूनच.

माझी बायको अंगानं भरलेली. एकदा सीताबर्डीहून टांग्यात बसलो, तर टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, बाईले पुढं बसवा, नाहीतर घोडा वर जाईन!" लोक हसले. मीही हसलो — सगळ्यांत मोठ्यानं. ती घर येईपर्यंत पदराचं टोक पिळत राहिली.

त्या दिवसांत एका चहा कंपनीची गाडी आमच्या महाल वस्तीत येऊन फुकट कप वाटायची. चहानं तरतरी येते, एवढंच ते लोक म्हणत. चरबी वितळते, हे मी जोडलं. घरी हुकूम सोडला — रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी चहा. तिला तो कडू लागायचा, म्हणून साखर सढळ.

आणि ती खरंच वाळू लागली! ती वाळली तसा मी फुगलो. गल्लीत मला चहावैद्य म्हणू लागले. आवडलं मला ते.

"अहो, मले काहून इतकी तहान लागून राहिली?" ती विचारायची.

चहा घे, मी म्हणायचो.

मग एका सकाळी मोरीत मुंग्या दिसल्या. ती लघवीला बसायची तिथंच — काळी, जाड रांग. मधुमेह कसा ओळखतात, हे मला ठाऊक नव्हतं? माझा काका त्यातच गेला होता. मी तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशीही. पुढं उठल्याउठल्या पहिलं काम तेच.

ती अंथरुणाला लागली तेव्हा वैद्यबुवा आले. नाडी पाहिली आणि मला विचारलं — तिला नाही, मला — मोरीत मुंग्या लागतात का? ओसरीवर शेजारी कान देऊन बसले होते. तेच, मला चहावैद्य म्हणणारे.

नाही, मी म्हणालो.

मग अशक्तपणा ठरला. अशक्तपणाला शिरा, दूध-साखर. मी माझ्या हातानं भरवलं. गल्लीतल्या बायका म्हणत, नवरा असावा तर असा. एकदा घास गिळून ती म्हणाली, "आता तरी बारीक झाली न मी?" हो म्हणालो. तेवढंच एक खरं बोललो असेन.

तिच्या तेरवीला माझ्या नात्यातली एक लठ्ठशी बाई आली. डोळे पुसले, मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं — शेवटी किती सडपातळ झाली होती. तो चहा ती कसा करायची?

मी सांगितलं. साखरेसकट.