संद्याचा बैल आणि साइनचा घाट

लोक गेम खेळतात. आम्ही तिघं, मी, परव्या आणि संद्या, गेम का चालत नाही ते बघत बसायचो. त्यामुळं गेम एकच झाला, किस्से मात्र पोतंभर!

कॉम्प्युटर खोडदला, संद्याच्या घरी. टीव्हीला जोडायच्या एका जुन्या कन्सोलसाठी आम्ही बैलगाडा शर्यतीचा गेम लिहीत होतो. संद्याचे वडील, नाना, स्वतः गाडामालक. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "यात्रंपतुर बैल घाट चढला तर ठीक. न्हाई तर ह्यो डबा इकायचा आन् तू टोमॅटोच्या वावरात!" संद्याचं तोंड बघवत नव्हतं.

*

घाटाचा चढ काढायला साइन लागायचा. कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणारा कंपायलर म्हणाला, साइन सापडत नाही. परव्या तडकला, "वर साइनचं नाव सांगणारा हेडर दिलाय की!"

हेडर म्हणजे नुसती लग्नपत्रिका, राव. नवरदेव, म्हणजे साइनचं खरं गणित, वेगळ्या लायब्ररीत! ती जोडायची राहिली होती, हे कळायला तीन दिवस. मग जोडली, ती कमांडमध्ये सगळ्यात पुढं. तिला बसायचं होतं शेवटी. आणखी दोन दिवस गेले.

*

परव्याला बोर्डात गणितात पंच्याण्णव. त्यानं कोन अंशात दिले, साइनला हवे होते रेडियन या दुसऱ्या मापात. बैल एका पावलाला ढगात, दुसऱ्याला विहिरीत!

नाना म्हणाले, "गाडा हाय का इमान?"

परव्या म्हणाला, "पुस्तकात अंशच असतात." हुशारी नुसती उतू चालली होती.

*

रेडियन दिल्यावर बैल जमिनीवर आला. पण दर पावलाला साइन काढताना कन्सोलचा जीव जायचा. बारा सेकंदांची बारी, म्हणजे घाटातली एक धाव, चार मिनिटं चालली.

"पळतोय का रवंथ करतोय?" नानांनी विचारलं.

*

मग साइनचा तयार तक्ताच गेममध्ये घालायचं ठरलं. परव्यानं बारावीचं लॉग टेबल आणलं, त्यात साइनचीही पानं असतात. तो वाचायचा, मी टाइप करायचो. मी करतोय म्हटल्यावर चूक होणं शक्यच नव्हतं!

बैल सुसाट सुटला, पण निम्म्या घाटात दचकून उडी मारायचा. यात्रा दोन दिवसांवर. बैलाचा सगळा कोड आम्ही उलटापालटा केला. संद्या रडकुंडीला आला.

नानांनी चहा पीत चार बाऱ्या बघितल्या. "बैलाला कशाला छळताय? बुजणारा बैल कुठंबी बुजतो. ह्यो दर बारीला एकाच जागी. घाट बघा, तिथं खड्डा हाय."

तक्ता उघडला. सदतीस अंशांपुढं पॉइंट सहाच्या जागी मी पॉइंट शून्य सहा ठोकलं होतं. ते नीट केलं आणि बैल सरळ वर! संद्या ओरडलाच.

नाना उठले. देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि टीव्हीच्या काचेवर, बैलाच्या कपाळाला लावला.

"आता बंद करा. दमला आसंल."