टेप संपायची तिथपर्यंत

शुक्रवारच्या फॅमिली बुफेला हार्ड रॉक बँड लावायची अक्कल आमच्या मॅनेजरसाहेबांचीच. दुबईत देऱ्यातल्या त्या हॉटेलात मी साउंड बघायचो. साहेब दादरचे, मी चिपळूणजवळचा. नोकरी त्यांनीच लावली होती, आणि याची आठवण ते दर दोन दिवसांनी करून द्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी कुठल्याशा एजंटकडून इंग्लंडचा एक बँड तीन महिन्यांसाठी मागवला. नाव वाचून मी चाटच पडलो. मी दुबईत आलो त्या वर्षी याच बँडची कॅसेट विकत घेतली होती. चोरून भरलेली, तेव्हा सगळ्या तसल्याच मिळायच्या. टेपवर अख्खी रेकॉर्ड मावली नाही की दुकानदार उरलेलं सरळ सोडून द्यायचा. शेवटच्या गाण्यात गिटार एकटी वर चढायला लागायची आणि तिथेच टेप संपायची. आठ जणांच्या खोलीत हेडफोन लावून मी ते गाणं कित्येक वर्षं अर्धंच ऐकलं होतं.

बँडचं नशीबही तसंच अर्धवट. गिटारवाल्याने चहा पिताना एकेक गोष्ट सांगितली. कारखान्यांच्या गावातली पोरं. पहिल्या रेकॉर्डने बरं नाव झालं, मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं. तिसरी रेकॉर्ड कंपनीने धड दुकानांत पोचवलीच नाही. मग गाणारा सोडून गेला, तसल्या संगीताची फॅशनही ओसरली, आणि जुन्यांपैकी उरले हा आणि ड्रमवाला. चाळिशी ओलांडलेले हे दोघे आता बिर्याणीच्या वासात लोकांच्या फर्माइशी वाजवत होते. स्वतःचं एकही गाणं वाजवायचं नाही, अशी साहेबांची ताकीद. ज्यांना त्यांच्या नावावर बोलावलं, त्यांचंच काही नको. मला त्या ताकिदीची आजही चीड येते.

कॅसेटची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही.

"पुढचा भागच तर माझा आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी पूर्ण वाजवतो. तू नीट ऐक."

त्या शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सगळ्या वायरी दोनदा तपासल्या. गाणं सुरू झालं तेव्हा लोक गुलाबजाम वाढून घेत होते. गिटार चढायची जागा जवळ आली आणि दारात साहेबांचा हात दिसला, भाकरी थापल्यासारखा खाली, खाली. आवाज कमी करायची ही आमची खूण. मी मान फिरवली. मग साहेब माझ्यापाशीच आले.

"अरे, डोळे फुटले का? फॅमिली क्राउड आहे. सहा नंबरच्या टेबलाला केक आलाय. ते खलास कर आणि बर्थडेचं गाणं लाव. यल्ला, चल लवकर."

"सर, दोनच मिनिटं."

"दोन मिनिटांसाठी व्हिसा कॅन्सल करू का?" हे ते हसत म्हणाले.

त्यांनी स्वतः आवाज बंद केला असता तर मी आजही बिनधास्त त्यांना शिव्या घातल्या असत्या. पण त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. बटण मीच खाली ओढलं, नेमकं दुकानदाराने तोडलं होतं तिथे. गिटारवाल्याची बोटं थोडा वेळ चालत राहिली. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, केकला.

नंतर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच. सवय आहे आम्हाला."

मला ती समजूत नको होती. त्याने शिवी हासडली असती तर मी सुटलो असतो. महिन्याभरात बँडवाले परत गेले, आणि बँड कायमचा मोडला असं पुढे कळलं.

साहेबांवरचा राग मी लोणच्यासारखा मुरवला. आपला माणूस म्हणे. परक्याने केलं असतं तर एवढं झोंबलं नसतं.

पुढे बायको आणि मुलगी आल्या, अल नहदा भागात भाड्याचा फ्लॅट घेतला, घरात इंटरनेट आलं. एका दुपारी मुलीने हाक मारली.

"बाबा, आय फाउंड युअर साँग. फुल व्हर्जन."

मी खुर्ची ओढून बसलो. ती जागा आली. टेप संपली नाही, केक आला नाही, गिटार चढत गेली, खिडकीची काच थरथरली. आणि माझ्या तोंडून निघालं, "आवाज कमी कर गं, शेजारी काय म्हणतील."

माझा हात हवेत खाली, खाली थापत होता. तिने आवाज कमी केला.