न बोलता खेळायचे खेळ

भावाच्या साखरपुड्यात खेळ घ्यायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. सगळ्यांना वाटलं, ताईला केवढी हौस! हौस कसली, मला भीती वाटत होती.

घरोघरी केबल आली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. टीव्हीवर बघून बघून लोकांना प्रत्येक समारंभात खेळ हवेसे झाले होते. त्याआधी बडोद्यात साखरपुडा म्हणजे अंगठ्या, पेढे, मसाल्याचं दूध आणि दोन्हीकडच्या बायकांनी समोरासमोर बसून एकमेकींच्या साड्या न्याहाळणं. आता मुलीच्या घरून निरोप आला, जरा खेळबिळ ठेवू, म्हणजे दोन्ही घरची माणसं मोकळी होतील. मी बालवाडीत शिकवत होते, त्यामुळे लगेच हो म्हणून टाकलं. दुसऱ्या कोणी खेळ घेतले असते तर पहिल्या पाच मिनिटांत माझ्या भावाच्या हातात माईक गेला असता.

माझा भाऊ बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून. काही अक्षरं त्याच्या घशाशी येऊन बसतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. मान ताठ होते, डोळे मिटतात, ओठ नुसते थरथरतात. ऑफिसात त्याचं काम संगणकाशी होतं, तिथे फारसं बोलावं लागत नसे. घरी काही अडत नसे, कारण घरी मी होते. तो शब्दाशी झटायला लागला की पुढचा शब्द मी पुरवत असे. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत, सगळीकडे. आई म्हणायची, तुम्हा दोघांना मिळून देवाने एकच तोंड दिलंय.

याआधी त्याचं एक लग्न ठरता ठरता मोडलं होतं. दुसऱ्या भेटीत मुलीच्या काकांनी त्याला नोकरीबद्दल खोदून खोदून विचारलं, आणि नेमकी त्या दिवशी मी सोबत नव्हते. आठवड्याभरात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर त्यांनी आधीच जुळवून पाहिली होती! त्यानंतर तो कितीतरी दिवस घरातही बोलेना. हे नवं स्थळ आलं तेव्हा त्याने आईला बजावलं, हे शेवटचं. हेही मोडलं तर पुन्हा माझ्यासमोर मुलीचा विषय काढायचा नाही. तो जे बोलतो ते करतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

म्हणून या वेळी मी सावध होते. मुलीच्या घरी पहिल्या भेटीत जवळजवळ सगळं मीच बोलले. मुलगा मितभाषी दिसतो, असं त्यांना वाटलं, आणि आम्ही तसं वाटू दिलं. पुढे ती दोघं एकदा कामाटीबागेत भेटली. तिथे तो किती बोलला, तिच्या काय लक्षात आलं, काही कळायला मार्ग नव्हता. विचारलं तर म्हणाला, "ठीक." हा शब्द त्याला विनासायास येतो.

त्यातून त्या मुलीचं नाव! ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की ते ज्या अक्षराने सुरू होतं, त्या अक्षराशी माझ्या भावाचं उभं वैर आहे. आणि आपल्याकडे साखरपुडा म्हटला की कोणीतरी "नाव घ्या, नाव घ्या" करणारच.

तेव्हा मी असे खेळ निवडले की ज्यांत कोणालाच तोंड उघडावं लागू नये. अंताक्षरी बाद केली, एकमेकांची ओळख करून देणं बाद केलं. संगीत थांबलं की ज्याच्या हातात उशी त्याने गाणं म्हणायचं, ही रीत मोडून त्याने गुपचूप चॉकलेट घेऊन बाहेर व्हायचं, असा नियम केला. एक माणूस आमच्याकडचा, एक त्यांच्याकडचा, पाठीला पाठ लावून मध्ये फुगा धरायचा आणि हॉलच्या त्या टोकापर्यंत चालत जायचं. डोळ्यांवर रुमाल बांधून चित्रातल्या बाईला टिकली लावायची. शेवटी कुंकवाच्या पाण्यात अंगठी शोधायची. फुगे, टिकल्या मांडवी दरवाजाच्या बाजारातून आणल्या. खेळ इतके लागोपाठ ठेवले की मध्ये श्वास घ्यायला फट नको, आणि अंगठी सापडली की लगेच पानं वाढायची.

निजामपुऱ्यातल्या हॉलवर मंडळी जमली, अंगठ्या घालून झाल्या, आणि मी टेपरेकॉर्डर सुरू केला. खरं सांगते, खेळ बहारीचे झाले. मुलीचे वडील आणि आमचे मामा पाठीला पाठ लावून फुगा नेताना असे काही डुलले की आईलासुद्धा हसू आवरेना. लोक मोकळे झाले. भाऊ नवरीशेजारी सोफ्यावर बसून हसत होता, आणि माझं अर्धं लक्ष सतत मुलीच्या आत्याकडे होतं.

आत्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. फुग्याच्या खेळानंतर त्या म्हणाल्या, "आता नाव घ्यायचं का?" मी म्हटलं, "आत्या, टिकली राहिलीय." टिकलीनंतर पुन्हा तेच. मी म्हटलं, "अंगठी राहिलीय, आणि नंतर जेवण थंड होईल." त्या हसल्या. "जेवण कुठे पळून जातंय?" मी टेपचा आवाज वाढवला. त्या उठल्या, टेपरेकॉर्डरपाशी गेल्या आणि बटण दाबून तो बंद केला.

"खेळ झकास घेतलेस हो," त्या मला म्हणाल्या, "पण नाव घेतल्याशिवाय साखरपुडा कसला? चला, आधी आमची मुलगी घेईल. मग जावईबापू."

मुलीने नाव घेतलं. पटकन, खणखणीत, टाळ्या पडल्या. मी कुंकवाच्या पाण्याची परात हातात धरून उभी होते. आईने पदर तोंडाशी नेला. कोणीतरी भावाच्या हातात माईक दिला. आता त्याने मान हलवून नाही म्हणावं, मी गाडी जेवणाकडे वळवीन, असं मी डोळ्यांनी सांगत होते. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो उभा राहिला.

"मांडवीच्या कमानींतून वाटा फुटतात चार..."

हा उखाणा त्याने कधी जुळवला? आम्हाला पत्ताच नव्हता. ओळ थोडी रखडत आली, पण आली. मग नावाशी येऊन तो थांबला. मान ताठ झाली. डोळे मिटले. ते पहिलं अक्षर ओठांवर नुसतं थरथरत राहिलं. आधी लोकांना वाटलं, लाजतोय. दोघीतिघी खिदळल्या. मग त्यांना कळलं आणि हॉल गप्प झाला. वर फिरणाऱ्या पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. मुलीचे काका मुलीच्या वडिलांकडे बघायला लागले, आणि मला ते मागचे काका आठवले. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आत्यांचा सर्वांत जास्त. मी परात खाली ठेवली, दोन पावलं पुढे झाले आणि नेहमीसारखा पुढचा शब्द पुरवायला तोंड उघडलं.

नवरीने माझ्याकडे हात केला. चौकात पोलीस गाडी थांबवतो तसा, सरळ तळवा.

"थांबा ताई," ती म्हणाली. "त्यांचं अजून व्हायचंय."

ती हळू बोलली होती, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. माझे कान तापले. कालची आलेली पोर मला, मला, थांबा म्हणते! पण मी थांबले. सगळा हॉल थांबला. ती मात्र, बोलणाऱ्या माणसाकडे आपण रोज बघतो, तशीच त्याच्याकडे बघत होती.

नाव आलं. फुटून, दोनदा मागे जाऊन, पण पूर्ण आलं. त्याने डोळे उघडले आणि बाकीची ओळ म्हटली.

"...चं नाव घ्यायला मला वेळ लागतो फार!"

क्षणभर कोणाला उमगलं नाही. मग मुलीचे वडील असे हसले की त्यांना खोकला लागला. टाळ्या सुरू झाल्या. आमच्या शेजारच्या गुजराती काकी मागच्या खुर्च्यांवरून ओरडल्या, "पाछळ संभळायुं नहीं! फरीथी बोलो, दीकरा!" मागे ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणायला सांगत होत्या! मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण भावाने पुन्हा माईक उचलला आणि सगळा उखाणा पुन्हा म्हटला. नावाशी पुन्हा अडला, आधीपेक्षा जास्तच. या वेळी तो अडता अडता हसत होता, आणि आत्या बोटाने त्याच्यासाठी ताल धरून बसल्या होत्या.

अंगठीचा खेळ राहूनच गेला. आत्या आईला म्हणाल्या, "मुलगा धीट आहे हो तुमचा." त्यावर आई रडली. मुलीच्या वडिलांनी पानं घ्यायला सांगितली. मी फुग्यांच्या चिंध्या गोळा करत एका कोपऱ्यात होते. सुटल्यासारखं वाटत होतं आणि रडूही येत होतं, आणि रागही गेला नव्हता. नवरी शालू सावरत माझ्यापाशी आली.

"ताई, रागावलात?"

"तुला कधी कळलं?"

"कामाटीबागेत. त्यांनीच सांगितलं. सांगायला खूप वेळ लागला. मी म्हटलं, मग अशा वेळी मी काय करू? तर म्हणाले, काही करू नकोस. नुसती थांब."

तेवढ्यात भाऊ पंक्तीतून उठून आमच्याकडे आला. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षराला अडला. मान ताठ झाली. काय म्हणायचं असेल, याचे तीन-चार शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले. मी हातातल्या फुग्यांच्या चिंध्या घट्ट धरल्या आणि ओठ मिटून उभी राहिले. आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या होतो. पंक्तीत श्रीखंडाचा दुसरा आग्रह चालू होता.

"ज... ज... जेवलीस का, ताई?" तो म्हणाला.