पार्सलबाबूंची रजिस्टरं

पूर्णा स्टेशनात ते पार्सलबाबू होते. एका विनोदी लेखकाची मासिकांत आलेली चित्रं आणि गोष्टी ते कापायचे आणि खळ लावून जुन्या उर्दू रजिस्टरांत चिकटवायचे. अशी नऊ रजिस्टरं पार्सल ऑफिसातल्या त्यांच्या कपाटात होती. चित्र दाखवण्याआधीच ते स्वतः हसून घ्यायचे.

"लोक तुरुंगात जायलेत आणि तुम्ही हसता?" मी एकदा चिडून विचारलं.

"लय तापू नको बाबा. जास्त तापली की खळसुदा करपती."

मी त्यांना मनातून भित्रा ठरवलं. तरीही निजामाविरुद्धची माझी पत्रकं त्यांना न सांगता त्याच कपाटात, रजिस्टरांमागं लपवली. अशा माणसावर कोण संशय घेणार?

एका दुपारी झडती झाली. पत्रकं हातात धरून जमादारानं विचारलं, "ये किसके हैं?"

बाबूंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं एकदाच पाहिलं.

"कपाट माझं, कागद माझे," ते म्हणाले.

रजिस्टरंही जप्त झाली. शिपाई बाबूंना घेऊन निघाले तरी ते सांगत होते, "सरळ धरा, जमादारसाहेब. पानं सुटतील."

मी पुढं होऊन "पत्रकं माझी आहेत" एवढंच म्हणायचं होतं. मी तिकीट काढायला आल्यासारखा खिडकीकडं वळलो.