नवागामात सांगितली गेलेली खानदेशची थंडी

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. सुरत गुजरातेत राहिले, खानदेश महाराष्ट्रात. एवढे निर्विवाद आहे. या रेषेमुळे सुरतेच्या एका गुजराती दैनिकातील हवामानाच्या चौकटीतून खानदेश गळला, की तो त्या चौकटीत पूर्वीही नव्हता, हे मला ठरवता आलेले नाही. १९६७ च्या हिवाळ्यातील जे अंक मी पाहिले, त्यांत तो नाही. तिथे आठवड्यातून एकदा कच्छ, सौराष्ट्र आणि उत्तर गुजरात यांच्या थंडीविषयी काही ओळी येतात आणि शेवटी दक्षिण गुजरातसाठी जवळजवळ ठरलेले वाक्य असते: विशेष फेरफार संभवत नाही.

हे नमूद करण्याचे कारण असे की, याच चौकटीवर बोट ठेवून सुकदेव चिंधा नावाचा एक यंत्रमाग कामगार सुरतेच्या नवागाम भागातल्या आपल्या खानदेशी गल्लीला दर आठवड्याला खानदेशची हवा सांगत असे.

सुकदेव धरणगावच्या अलीकडच्या एका गावातून सुरतेला आला, तो बहुधा १९६१ मध्ये. मागावर बारा तास उभे राहणे, कानाला खडखडाटाची सवय होणे आणि घरी आल्यावरही मोठ्याने बोलणे, या गोष्टी गल्लीतल्या सर्वांच्याच होत्या. त्याचे वेगळेपण इतकेच की, त्याला गुजराती वाचता येते असा लौकिक होता. कारखान्याच्या रजेच्या दिवशी सकाळी तो मगनच्या चहाच्या टपरीवर येई, पेपर उघडे, चौकटीवर बोट ठेवी आणि आधी इथली, मग तिथली हवा सांगे. इथल्या हवेला कोणी कान देत नसे. सुरतेच्या हिवाळ्यात पहाटे थोडे धुके असते, दुपारी सदरा पुरतो, आणि हे कळायला पेपर लागत नाही. लोक थांबत ते तिथल्यासाठी. कोणी गावी निघाला की आधी सुकदेवला विचारी. सांगितलेल्या हवेप्रमाणे जाणाऱ्याच्या हाती म्हाताऱ्यांसाठी गोधडी दिली जाई किंवा राहू दिली जाई. स्वतः सुरतेत घाम पुसत, अंगणात पाणी गोठल्याची काळजी करणारी ही माणसे होती. ज्या हवेत आपण राहतो तिला हवा मानायचे नाही, ही या गल्लीची रीत होती असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

गल्लीत गुजराती वाचू शकणारी शाळकरी मुले होती. परंतु हवेचा अंदाज मुलाकडून वाचून घ्यावा असे कोणाला वाटले नाही. मगन वाचू शकत होता. तो गप्प राहिला.

“मी चहा विकतो,” या बाबतीत विचारल्यावर त्याने मला मराठीत सांगितले, आणि मग गुजरातीत पुस्ती जोडली, “हवा तो सुकदेवभाई वेचता हता.” म्हणजे हवा विकत असे तो सुकदेव.

सुकदेवची आई धुरपदाबाई नवरा वारल्यावर मुलाकडे राहायला आल्या. त्यांना दमा होता. सुरतेची हवा त्यांना मानवली, हे सर्व साक्षीदार एकमुखाने सांगतात. त्यांच्या येण्याने आणखी एक गोष्ट घडली: सून भागीरथी शेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळायला, जाऊ लागली. दोन्ही लहान मुले आजीजवळ राहत. या दोन बाबी, दमा आणि कांड्या, पुढे एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

धुरपदाबाईंची गावी एक थोरली बहीण होती, काशीबाई. चातुर्मासात वांगे वर्ज्य करायचे आणि चंपाषष्ठीला भरीत खाऊन ते पुन्हा सुरू करायचे, ही खानदेशात घरोघरची रीत. या दोघी बहिणींनी तिच्यात स्वतःची एक अट घातली होती. भरीत शेतावर, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजायचे आणि दोघींनी एकाच ताटात जेवून वांगे सोडवायचे. एकीने खाल्ल्याशिवाय दुसरीने खायचे नाही. लग्ने झाल्यापासून हे चुकले नव्हते असे लोटू, म्हणजे काशीबाईंचा मुलगा, सांगतो. सुरतेला आल्यावरही धुरपदाबाई मार्गशीर्षात पॅसेंजरने जात, भरीत खात आणि मग महिनाभर तिकडेच राहत. त्या महिन्यात भागीरथीच्या कांड्या बंद असत. मागच्या खेपेस त्या परतल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि सुकदेवने त्यांना स्टेशनापासून जवळजवळ उचलून आणले होते.

१९६७ च्या मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या अलीकडच्या रजेला, सुकदेवने पेपर उघडला आणि नेहमीपेक्षा जरा हळू, अहिराणीत सांगितले, “आठे काही फरक नही. सदराच पुरे. आपलाकडे मातर लाट शे. थंडीनी लाट. पानी गोठस.”

धुरपदाबाई नातवाला कडेवर घेऊन टपरीजवळच उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “तुना पेपरले आपलं गाव कसं माहीत रे?”

“सरकारले बठ्ठं माहीत ऱ्हास, माय.”

“मंग मना दमा बी माहीत व्हई.”

लोक हसले. हा संवाद मगन आणि उषाबाई, म्हणजे शेजारच्या खोलीतली बाई, या दोघांनी थोड्याफार फरकाने सांगितला. धुरपदाबाईंचे जाणे एक आठवडा पुढे ढकलले गेले. उषाबाईंनाही माहेरी जायचे होते. त्यांनीही बेत रहित केला, आणि एका जाणाऱ्याच्या हाती बापासाठी आपल्या अंगावरची गोधडी पाठवली.

चंपाषष्ठी गेली. पुढच्या रजेला लाट ओसरली नव्हती. त्याच्या पुढच्या रजेला ती वाढली होती. त्या आठवड्यांत गल्लीत कोणाच्या घरी वांग्याची भाजी झाली की धुरपदाबाई नुसती भाकरी आणि मिरची घेत. भागीरथीने एकदा भरीत करून ताटात वाढले. त्यांनी ते ताट मुलांपुढे सरकवले.

“तठे काशी बसेल शे,” त्या म्हणाल्या. म्हणजे तिकडे काशी थांबली आहे.

मग लोटू आला. सकाळच्या गाडीने उधन्याला उतरून तो चालत गल्लीत शिरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर वांग्यांची पाटी होती आणि अंगात एक सुती सदरा. रजेचाच दिवस असल्याने टपरीवर माणसे होती. सुकदेव पेपर हातात घेऊन नुकताच उभा राहिला होता.

उषाबाईंनी लोटूला वाटेतच अडवले. “लोटू, तुले हिव नही वाजनं का रे?”

“कसानं हिव? गाडीमा घाम उना.”

“आरे, तठे लाट शे ना!”

“कोनती लाट?”

सगळ्यांनी सुकदेवकडे पाहिले. मगनने कपबशी पुसता पुसता म्हटले, “लो, खानदेशथी ताजो पेपर आव्यो!”

या ठिकाणी एक सावधगिरी नोंदवणे भाग आहे. लोटूचा सदरा हा तापमानाचा पुरावा नव्हे. तो तेव्हा विशीतला होता, आणि विशीतल्या माणसाने थंडी नाकारणे नेहमीचे आहे. त्या आठवड्यांतील त्या भागाची तापमाने मला अद्याप मिळालेली नाहीत. गल्लीने मात्र सदरा पुरावा मानला. कोणीतरी सुकदेवला “चौकटीत आमच्या गोधड्या कुठे छापल्या आहेत ते दाखव” असे म्हटले. गोधडी गेली होती ती उषाबाईंची.

लोटूने पाटी मावशीपुढे ठेवली. “मायनी धाडी. ती सांगस, तू येत नही ते आठेच भाज. तू खाय, मंग मी खासू.”

धुरपदाबाईंनी एक वांगे उचलून पाहिले आणि परत पाटीत ठेवले. “या वांगा आठे कोनी कापू नका. परतनी गाडी कव्हय शे?”

“सकायनी.”

“सुकदेव,” त्या मुलाकडे न पाहता म्हणाल्या, “तुना पेपरले सांगी दे. धुरपदा जाई ऱ्हायनी. छापू दे त्यासले.”

भागीरथी घरातून धावत आली होती. तिने भर गल्लीत विचारले, “आनि पोरे कोन सांभाळी?”

“ज्यानी लाट आनी, त्याले सांग.”

संध्याकाळपर्यंत सुकदेव आईशी बोलायला धजला नाही. बोचके बांधून झाले तेव्हा त्याने दारातून इतकेच म्हटले, “माय, तुना दमा...”

“दमा मना शे. तो मनासंगे येई.”

दुसऱ्या दिवशी धरणगावाकडची वांगी ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने परत गेली. लोटूच्या सांगण्याप्रमाणे चंपाषष्ठी उलटून गेलेली असूनही दोघी बहिणींनी शेतावर आर पेटवला, एका ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, आणि जेवताना सुरतेविषयी एक शब्द काढला नाही. त्या रात्री धुरपदाबाईंना धाप लागली. ती ओसरली. त्या परत आल्या नाहीत. भागीरथीच्या कांड्या बंद पडल्या, त्या धाकटे मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत.

पुढच्या रजेला सुकदेव टपरीवर येणार नाही असे सर्वांना वाटले होते. तो आला. पेपर उघडला, बोट ठेवले. “आठे काही फरक नही. आपलाकडे हवा निवांत शे. ऊन शे.”

“मांगला आठवडाले ते पानी गोठे!” कोणीतरी ओरडले.

“लाट उतरनी,” तो म्हणाला आणि पेपरची घडी घातली.

यानंतर त्याने खानदेशात थंडी पडल्याचे कधीही सांगितले नाही. ही बाब मी तिघांकडून स्वतंत्रपणे पडताळून पाहिली आहे. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात तिकडे ऊन होते. पौषात गावाहून आलेली माणसे गोठ्यातली जनावरे थंडीने आखडल्याचे सांगत, तेव्हाही तो चौकटीवर बोट ठेवून ऊनच सांगे. कोणी वाद घातला तर म्हणे, “ते पहाटनं. दिवसनं मी सांगस.” ऐकणारे कमी झाले, पण संपले नाहीत. गोधडी पाठवण्याचा निर्णय आता लोक स्वतः घेत. सुकदेवची हवा मात्र चहाबरोबर ऐकून घेत. उषाबाईही थांबत. का थांबत, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “आपल्या गावाचं नाव निघतं ना.”

धुरपदाबाई १९७३ साली गावी वारल्या. लोटू सांगतो त्यावरून महिना चैत्राचा होता, म्हणजे थंडीला त्यात दोष देता येत नाही. त्यानंतरच्या रजेला सुकदेवने इथली हवा सांगितली आणि पेपर मगनला परत दिला. तिथली सांगितली नाही. पुन्हा कधीच सांगितली नाही. १९७६ मध्ये तो कुटुंबासह सुरतेतच गोडादऱ्याकडे राहायला गेला. मी त्याला भेटलो. आईविषयी तो बोलला, हवेविषयी बोलला नाही.

लाट दम्यासाठी आणली की कांड्यांसाठी, हे मी भागीरथीला विचारले. ती म्हणाली, “दोन्हीसाठी. एका गोष्टीसाठी कोण इतकं खोटं बोलेल?” हे तिचे मत आहे. सुकदेवचे म्हणून ते नोंदवता येणार नाही.

त्या मार्गशीर्षात धरणगाव भागात थंडीची लाट खरोखर होती की नव्हती, हे अज्ञात आहे. सुकदेवला गुजराती वाचता येत होते की नाही, याबद्दल मगन आणि भागीरथी यांची विधाने परस्परविरोधी आहेत. आईला पहिल्याच रजेला सारे कळले होते की लोटू आल्यावर कळले, हे सांगू शकणारे कोणी हयात नाही.