दुपारची फेरी

व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर सफारीच्या गाईडांच्या पाळ्या मीच लावतो. आमच्या एका जुन्या गाईडला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मी मोठ्या मनानं त्याचं नाव यादीतून काढलं आणि आराम करायला सांगितलं. आठ दिवसांनी तो तणतणत आला.

"भाऊ, मले घरी काऊन बसवलं? गोळीनं सकाळी डोळे उघडत नाई, एवढंच. दुपारची फेरी द्या न! जंगलात मले बरं वाटते."

मला माझाच राग आला. त्याच दुपारी त्याला जिप्सीत बसवलं. त्याला फक्त दुपारचीच फेरी का, म्हणून कुरकुरणाऱ्या बाकीच्या गाईडांना सरळ सांगितलं, पाळ्या मी लावतो.

वाघ कुठं गेला ते पगमार्कवरून मी आजही बिनचूक सांगतो. माणसाला काय हवं ते मात्र आता त्यालाच विचारतो.