शिवशरणची तांब्याची गावं

शिवशरण गेल्याचं मला सिद्रामनं सांगितलं. सकाळी मी औषधांचं दुकान उघडत होतो, तोच तो समोर येऊन उभा राहिला. "दादा गेला की हो... झोपेतच गेला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सख्खा धाकटा भाऊ, पाणी येणारच. पण त्या पाण्याचा मला आज महिना उलटून गेल्यावरही राग येतो.

सोलापुरात त्यांचं चादरींचं दुकान आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत. वीसेक वर्षांपूर्वी एडनचा एक व्यापारी चादरी न्यायला आला होता. त्यानं जाताना शिवशरणच्या हातावर एक जाड, हिरवट तपकिरी नाणं ठेवलं आणि थट्टेनं म्हणाला, बघा तुमच्या बाजारात चालतं का. एका अंगाला कुणा राजाचा मुखडा, दुसऱ्या अंगाला गरुड. शिवशरण दिवसभर ते बोटांत फिरवत बसला. पुढं कळलं की ते रोमन अमलातल्या अलेक्झांड्रियाचं, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचं. मग चादरी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तसली नाणी आणायला सांगू लागला. सोन्याचांदीची नकोत, तांब्या-काशाचीच हवीत. लोकांना वाटायचं, पैसा असून हा माणूस दरिद्री हौस करतो. मीही एकदा तसं म्हणालो. तर म्हणाला, "अरे, सोन्याचं नाणं बादशहाचं. हे गावाचं. एका अंगाला त्याचं तोंड ठेवायचं, ठेवावंच लागतंय... पण दुसऱ्या अंगाला आपला देव, आपली नदी, आपलं झाड. बाजारात भाजी घ्यायला हेच लागायचं." आणि हसून पुढं म्हणाला, "सोलापूरनं पाडलं असतं, तर मागं हातमाग आला असता की!"

गावाचं नाव वाचता यावं म्हणून चाळिशीच्या आसपास तो एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांकडं जाऊन ग्रीक अक्षरं शिकला. मातीनं भरलेली नाणी माझ्याकडच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजत पडायची. मग तो बाभळीच्या काट्यानं एकेक अक्षर मोकळं करायचा. हिरव्या थराला मात्र हात लावायचा नाही. मी एकदा त्याला गंज म्हणालो, तर चिडला. "गंज नव्हे, कातडी आहे ती. ती सोलली की मेलंच ते." गाझा, टायर, अंतिओक... माझ्या काउंटरवर समुद्रापलीकडची ही गावं तो शेजारच्या तालुक्यातली असल्यासारखी मांडायचा.

वडील वारल्यावर दुकानाच्या वाटणीवरून दोघा भावांत धुसफूस सुरू झाली. सिद्रामच्या डोक्यात बसलं होतं की वडिलांनी ठेवलेलं सोनं थोरल्यानं दडवलंय आणि जुन्या नाण्यांचं नुसतं सोंग चाललंय. तशात आणीबाणी आली. तस्करी आणि दडवलेलं सोनं पकडायला रोज कुठं ना कुठं छापे पडत होते. एके दिवशी शिवशरणच्या घरासमोर सरकारी गाडी थांबली. मी तेव्हा तिथंच होतो. आलेल्या माणसांनी कपाट उघडलं नाही, गाद्या उचलल्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ज्वारीच्या कणगीमागची लाकडी पेटी ओढून काढली. ती जागा शिवशरण, त्याची बायको महादेवी आणि सिद्राम सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हती. मलासुद्धा नाही. सिद्राम दारात उभा होता. पेटी उघडल्यावर एक जण म्हणाला, "ह्यात तर नुसतं तांबं दिसतंय," तेव्हा सिद्रामचा चेहरा उतरलेला मी पाहिला. भावाची पेटी ओढून काढताना तो उतरला नव्हता.

नाणी बऱ्याच महिन्यांनी परत मिळाली, गोणपाटाच्या पिशवीत. आत सोनं आहे का हे बघायला कुणीतरी प्रत्येक नाण्याला कानशीनं खाच पाडली होती आणि वर तेजाबात बुडवून काढलं होतं. शिवशरणनं पिशवी माझ्या काउंटरवर पालथी केली. नवीकोरी भांडी घासून ठेवावीत तशी सगळी लालभडक, चकचकीत. त्यानं एक उचललं, अंगठा फिरवला, खाली ठेवलं. दुसरं उचललं, खाली ठेवलं. मग म्हणाला, "सतराशे-अठराशे वर्षं मातीत राहून ह्यांना काही झालं न्हाई... आपल्याकडं आली आणि..." मी म्हणालो, सिद्रामला विचार तरी. "काय विचारू? पेटीची जागा मीच दाखवली होती त्याला. म्हटलं, मला काही झालं तर तू सांभाळ."

त्यानंतर दोन वर्षं दोघे भाऊ एकाच गादीवर बसले. गिऱ्हाइकांपुरतं बोलले. शिवशरणनं एकही नवं नाणं घेतलं नाही आणि एडनचा व्यापारी आला की तो आत निघून जायचा. माफी मागायला सिद्रामला दोन वर्षं मिळाली होती. त्यानं मागितली नाही.

मागितलं ते वेगळंच. व्यापाऱ्यांनी घेतलेल्या शोकसभेत त्यानं जाहीर केलं की दादाचा अमोल संग्रह आता दुकानात काचेच्या कपाटात मांडणार, वर दादाचा फोटो लावणार. टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या महादेवीवहिनी उठल्या. सभेत त्या कधी बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "एकबी मिळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी बघितलंय की सगळं... खाचा पाडून." बहुतेकांना काही कळलं नाही. सिद्रामला कळलं, आणि तो पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी मला माडीवर नेलं. खिडकीत वेताचं सूप होतं आणि सुपात ती सगळी नाणी पसरलेली. "रोज ऊन दाखवायचे," त्या म्हणाल्या. "हवा लागली की पुन्हा रंग धरतील म्हणायचे. रोज सकाळी उलटी-पालटी करायचे... आता मी करते." खरंच, काहींची लाली मावळून तपकिरी छटा आली होती. खाचा मात्र तशाच होत्या. वहिनींनी त्यातलं एक उचलून माझ्या हातावर ठेवलं. "हे कुठल्या गावचं हो, भाऊजी? ते नाव घ्यायचे, मला मेलीला ध्यानात राहिलं न्हाई."

मी ते उजेडात धरलं. राजाचा मुखडा ओळखता येत होता. मागच्या अंगाला मात्र तेजाबानं अक्षरं खाऊन टाकली होती. तिथं कुठलं तरी गाव होतं, एवढंच दिसत होतं.